ओला कागद

कोथरूड, पुणे
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

प्रिय प्रज्ञेश,

अक्षर ओळखलंस ना? माझं अक्षर म्हणजे गणिताच्या पेपरात चुकून लिहिलेला मराठीचा निबंध, असं तू म्हणायचास. त्यात सुधारणा झालेली नाही. पत्र नको, फोन नको, असं तू बजावलं होतंस आणि इतकी वर्षं मी ते पाळलं. आज मोडते आहे. का, ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, एवढं तुला ओळखते. आणखी एक. यात तुला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी येतील, अगदी तुझ्याच घरातल्यासुद्धा. कंटाळू नकोस. वाचत राहा.

आधी माझी खुशाली. अमेरिकेतून परत येऊन तीन वर्षं झाली. अनंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिकडे करमत नव्हतं आणि मला इकडे करमेल की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा त्याचं ऐकलं. माणूस चांगला आहे. जेवताना पेपर वाचतो, एवढाच दोष. मुलगी स्पृहा पाच वर्षांची आहे आणि आजोबांशी कडाकडा भांडते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "घरात इतकी धूळ होती तर कोणी सांगितलं कसं नाही?" म्हणजे ते बरे आहेत. मी अजून त्याच सॉफ्टवेअरवर काम करते. ऑफिस हिंजवडीला गेलंय, जायला-यायला बस आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत तिशीच्या आतली पोरं माझ्याकडे जुन्या काळातली बाई म्हणून बघतात. मी चौतीस वर्षांची आहे रे!

प्रभात रोडच्या गल्लीतला तो बंगला पाडला. मागच्या महिन्यात तिथून चालले होते, तर नुसता खड्डा आणि पत्र्याचं कुंपण. त्याच बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, बाहेरच्या लोखंडी जिन्याने चढून, आपण दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो होतो. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. ज्याला-त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता, पेठेतल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी विमानात बसत होतं, आणि आमच्या आळीतल्या बायका भाजी निवडताना व्हिसाचे प्रकार सांगायच्या. मी गणितात एम.एस्सी. होऊन आले होते. तू चित्रकलेचा डिप्लोमा आणि त्यावर मल्टिमीडियाचा कोर्स करून. तुला घेतलं होतं पडद्यावरची बटनं आणि चिन्हं काढायला. आपल्या साहेबांनी, दिगंबरसरांनी, ओळख करून देताना सांगितलं होतं, "ही सुनीती, हिला आकडे कळतात. हा प्रज्ञेश, याला बाकीचं कळतं." सरांनी कोणाविषयी इतकं चांगलं बोललेलं मी त्यानंतर ऐकलं नाही.

कामच विचित्र होतं. त्या काळी फोटो स्टुडिओंमधून जे प्रसिद्ध सॉफ्टवेअर वापरत, त्यात कलात्मक इफेक्ट्सची एक मोठी यादी होती: जलरंग, कोळसा, रंगीत पेन्सिल, स्पंज, ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र. बटन दाबलं की फोटोचं चित्र. आपल्या अमेरिकन गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर निराळं होतं. त्यात पडद्यावर छोटे छोटे डबे मांडायचे, त्यांना नोड म्हणायचे. एक डबा फोटो धूसर करायचा, दुसरा त्यातल्या कडा शोधायचा, तिसरा असंख्य रंगांचे मोजके रंग करायचा. एका डब्यातून तार ओढून दुसऱ्याला जोडायची. या टोकाला फोटो घातला की त्या टोकाला काहीतरी भलतंच बाहेर पडायचं. गिऱ्हाइकाचं म्हणणं, लोकांना त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधले इफेक्ट्स ओळखीचे आहेत, तेच आपल्या डब्यांतून काढून द्या. आतलं गणित कोणी सांगणार नव्हतं. नुसतं बघून ओळखायचं. पंगतीत आमटी चाखून तीत काय काय पडलंय ते सांगायचं, तसं.

मी बसले आकडे घेऊन. तू बसलास इनॅमलच्या मगात पाणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी टेबलावर कागद, ब्रश, कोळशाच्या कांड्या, स्पंजचे तुकडे. म्हणालास, "खरा कोळसा काय करतो ते कळल्याशिवाय खोटा कोळसा कसा करणार?" दिगंबरसर येऊन बघून गेले आणि जाताना म्हणाले, "बालवाडीची फी कोणाकडे भरायची?" पण त्यांनी तुला थांबवलं नाही. तू रंगवायला लागलास की मीच माझं काम सोडून बघत बसायची. तू कागद आधी पाण्याने भिजवायचास आणि वाट बघायचास. काहीच न करता नुसता तिरक्या नजरेने कागदाकडे बघत बसायचास. मग कागदावरची चकाकी जायच्या क्षणी ब्रश टेकवायचास आणि रंग आपल्या पायांनी चालत गेल्यासारखा पसरायचा, आणि हवा तिथे थांबायचा. मी विचारलं होतं, "तो थांबतो की तू थांबवतोस?" तू म्हणालास, "आधी विचारून घेतो त्याला." ते बोलताना तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मी नंतर कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर, कुठलंही काम करताना पाहिलं नाही. चेष्टा नाही करत.

तू नेहमी बरोबर असायचास असं मुळीच नाही. कोळशाच्या इफेक्टवरून आपण भांडलो होतो. तुझं म्हणणं, कोळशाची रेघ गालावरून गालासारखी वळली पाहिजे. मी चित्र मोठं करकरून पाहिलं, तर त्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या काळ्या रेघा एकाच बाजूला कललेल्या, गाल असो की भिंत. तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. संध्याकाळी जिना उतरताना म्हणालास, "तुझं बरोबर आहे. त्याला गाल दिसतच नाही. काळं आणि पांढरं एवढंच दिसतं." आणि मग हसून, "पुष्कळ माणसांचंही तसंच असतं." मी त्या रात्री घरी जाऊन आईला सांगितलं की ऑफिसात एक मुलगा आहे. आई म्हणाली, "ऑफिस आहे म्हटल्यावर असणारच."

चाचणीसाठी एक फोटो लागायचा, सगळे इफेक्ट्स त्याच्यावरच लावून बघायचे म्हणजे तुलना नीट होते. तू तुझ्या वडिलांचा आणलास. खडकीच्या क्वार्टरसमोर, सरकारी कारखान्याच्या खाकी कपड्यांत, सायकलवर एक पाय टेकून उभे रामदासकाका. उन्हाने डोळे बारीक केलेले, मिशी पिंजारलेली. तू म्हणालास, या चेहऱ्यात सगळं आहे, खरखरीत, गुळगुळीत, चकचकीत, काळोख. वर्षभर आपण त्या चेहऱ्याचं काय काय केलं! कोळशाचे रामदासकाका, स्पंजचे, पेन्सिलचे, गिलाव्यातले. एकदा ते स्वतः तुझा जेवणाचा डबा द्यायला आले आणि पडद्यावर स्वतःला हिरवे-जांभळे पाहून म्हणाले, "पगार असल्या कामाचा देतात?" आणि मग बराच वेळ तिथून हलले नाहीत. जाताना मला म्हणाले, "हा लहानपणी क्वार्टरच्या भिंतीवर काढायचा. दोनदा चुना मारला मी. तिसऱ्यांदा राहू दिलं."

जलरंगाचा इफेक्ट सगळ्यांत शेवटी घेतला, कारण तो तुझा होता. तू मला दाखवलं होतंस की रंग वाळताना कडेला सरकतो आणि तिथे गडद काठ उरतो, साडीच्या किनारीसारखा. आपण कडा शोधणारा डबा घेतला, ती कड जराशी धूसर केली आणि मूळ चित्रावर गडद करून चढवली. खरखरीत कागद स्कॅन करून त्यात मिसळला, म्हणजे रंग त्याच्या खळग्यांत साचेल. तारांचं जंजाळ इतकं वाढलं की पडद्यावर मावेना. आणि एका दुपारी रामदासकाका बाहेर पडले ते खरोखर ओले. मी टाळ्या वाजवल्या. अमेरिकेहून उत्तर आलं, छान आहे, पण जुळत नाही. त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सावल्या काळ्याकुट्ट येतात, तशा हव्यात. तू म्हणालास, जलरंगात असा काळा कोणी फासत नाही, ती त्या यंत्राची चूक आहे. दिगंबरसरांनी शांतपणे सांगितलं, "मग ती चूक आपल्याला बिनचूक काढायची आहे." तू काढलीस. तीन दिवसांत काढलीस, अगदी डागाला डाग जुळवून. पण त्या तीन दिवसांत तू मगात पाणी भरलं नाहीस, हे मी पाहिलं होतं.

रविवारी तू मला होळकर पुलाकडे न्यायचास. नदी काही बघण्यासारखी नव्हती, तेव्हाही नव्हती. पण पाणी घाण असलं तरी त्यावरचा उजेड स्वच्छ असतो, हे मला तिथे कळलं. तिथून तुमच्याकडे. सुंदराबाईकाकू मला तिखट पिठलं आणि भाकरी वाढायच्या आणि मी डोळे पुसत खाते हे बघून म्हणायच्या, "पेठेतली हाय, गोडाची सवय." तू आमच्याकडे एकदाच आलास. बाबांनी झोपाळ्यावरून विचारलं, "आपण मूळचे कुठले?" तो प्रश्न कशासाठी असतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गावाचं नाव सांगून वेळ मारून नेतात. तू म्हणालास, "खडकीचे. बौद्ध आहोत आम्ही." बाबा म्हणाले, "वा. चहा घ्या." तू गेल्यावर आईला म्हणाले, "मुलगा स्पष्ट आहे. स्पष्ट लोकांशी वाद घालता येत नाही, हीच पंचाईत." मला हसू आलं होतं. वाटलं होतं, आता फक्त वेळेचा प्रश्न आहे.

मग ती संक्रांतीनंतरची सकाळ. काका कामावर जायला निघाले, सायकलचं कुलूप काढायला वाकले आणि तिथेच कलले. अर्धांगवायू. डावी बाजू गेली, वाचाही गेली. तू हॉस्पिटलमधून रजेचा अर्ज द्यायला ऑफिसात आलास ना, त्या दिवशीचं मी कसं विसरू? आदल्या संध्याकाळी मी रंग फासल्यासारखा दिसणारा एक इफेक्ट तपासत होते. अर्ध्या चेहऱ्यावर लावलेला, अर्धा तसाच ठेवलेला, फरक दिसावा म्हणून. कॉम्प्युटर तसाच चालू राहिला होता. तू दारातून आलास आणि समोर पडद्यावर तुझे वडील, एक बाजू धडधाकट आणि दुसरी खाली ओघळलेली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, पण पुढे कोणीच सरकलं नाही. तू जवळ गेलास, थोडा वेळ पाहिलंस आणि मॉनिटर बंद केलास. म्हणालास, "सुनीती, दुसरा फोटो घे." तेवढंच. तुझ्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे सहा-सात महिने तू अर्धा इथे आणि अर्धा तिथे होतास. काका कामाला असमर्थ म्हणून निवृत्त ठरले. क्वार्टर सोडावं लागणार होतं. अनुकंपा तत्त्वावर मुलाला कारखान्यात घेतात, जागाही मिळत होती, क्वार्टरही तुझ्या नावावर राहणार होतं. मी तुमच्याकडे आले होते, समजावायला. पाठ करून आले होते सगळं: प्रज्ञेशला अमेरिकेतले लोक नावाने ओळखतात, अजून दोन वर्षांत तो कुठे असेल बघा. काकू काकांना कुशीवर वळवत होत्या. माझं होऊ दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं हापिस वरच्या मजल्यावर हाय. खालचा मालक कधी जिना काढून घेईल सांगता येत न्हाई. कारखान्याला जिना न्हाई, पोरी." मग त्यांनी विचारलं, "तू शिकलेली. तूच सांग, ह्यांना उचलून मी कुठं जाऊ?" मी पुढे होऊन काकांची उशी सरळ केली. त्या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वर्षांनंतरही शोधते आहे.

त्याच आठवड्यात मी बाबांना सांगितलं की मी तुझ्याशी लग्न करणार आहे. बाबा झोपाळा थांबवून म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही. हो म्हणायला मात्र सांगू नकोस." माझ्यासाठी ते पुरेसं होतं. होळकर पुलावर तुला विचारलं, सरळ विचारलं. म्हटलं, कारखान्यात जा हवं तर, पण मला बरोबर घेऊन जा. क्वार्टर काय, दोन खोल्या काय, काकांचं मीही करीन. तू पाण्याकडे वळलास. मग म्हणालास, "तू आलीस तर रोज मला आठवण राहील की मी काय सोडलंय. मला ते विसरायचंय. विसरल्याशिवाय मला ते करता येणार नाही." मी रडले नाही. मला तेव्हा राग आला होता. वाटलं होतं, हा माझ्याविषयी बोलतोय. आज कळतंय की तू अजिबात माझ्याविषयी बोलत नव्हतास.

शेवटच्या दिवशी तू टेबल आवरलंस. दिगंबरसरांनी तुला मिठी मारली, जी त्यांनी स्वतःच्या मुलालाही मारली नसावी. तू लोखंडी जिना उतरलास आणि मी वर खिडकीत. वर पाहशील असं वाटलं होतं.

नंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते. त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कंपन्या धडाधड बसल्या आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना एका सकाळी घरी पाठवलं. मला ठेवलं. तू असतास तर तुला ठेवलं असतं की पाठवलं असतं, कोण जाणे. काकूंचं म्हणणं खरं ठरलं की खोटं, हे मला कधीच कळणार नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त खुपतं. चुकलं असं एकाही माणसाचं नाही यात. काकूंचं नाही, तुझं नाही. बाबांचंही, मनात आणलं तर, नाही. सगळे बरोबर वागले, आणि तरी एवढं मोठं नुकसान झालं. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर रागावता आलं असतं.

आणि दुसरं. तुझा तो जलरंग, जुळत नाही म्हणून त्यांनी नाकारलेला, तो मी टाकला नव्हता. पुढे त्याच गिऱ्हाइकाच्या नोकरीत कॅलिफोर्नियात गेल्यावर पहिल्याच बैठकीत दाखवला आणि हट्ट धरला की हा निराळा इफेक्ट म्हणून यादीत घाला. नाव काय द्यायचं असं विचारलं, तर मी म्हटलं, ओला कागद. त्यांनी त्यांच्या भाषेत तेच ठेवलं. प्रज्ञेश, आज आमच्या यादीत लोक सर्वांत जास्त वापरतात तो हाच. तुझी बिनचूक चूक कधीच काढून टाकली. तुझं बरोबर होतं ते राहिलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपल्या आयांचे, कुत्र्यांचे, घरांचे फोटो त्यातून काढतात, आणि कोणालाही ठाऊक नाही की त्यातून पहिल्यांदा बाहेर पडले ते खडकीचे रामदासकाका. मी हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण तू पत्र नको म्हणाला होतास. वाटलं, विसरायला निघालेल्या माणसाच्या मागे कशाला धावायचं.

काका गेल्याचं मला फार उशिरा कळलं. परत आल्यावर कळलं. काकूंना भेटायला म्हणून एका संध्याकाळी खडकी बाजारात उतरले, आणि समोरून तू स्कूटरवर. पुढे उभी एक चिमुरडी, तिच्या हातात फुगा, तो तुझ्या तोंडावर येत होता आणि तू मान वाकडी करकरून रस्ता बघत होतास. केस कमी झालेत तुझे. चेहरा शांत होता. मी हाक मारली नाही. मनात म्हटलं, विसरला. जमलं त्याला. बरं झालं. आणि रिक्षा करून परत आले. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं असं सांगितलं तर तुला खोटं वाटेल, कारण ते खोटंच आहे.

आता कारण. या गुरुवारी दुपारी दीपाली माझ्याकडे आली होती. तुझी बायको. आधी कंपनीत फोन करून माझा पत्ता काढला, ती शिकवते त्या शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि दोन बस बदलून आली. मी घाबरले. ती म्हणाली, "ताई, भ्यायचं काही नाही. तुमच्याबद्दल ह्यांनी लग्नाआधीच सगळं सांगितलंय, पुलावरचंसुद्धा." मग म्हणाली, "चित्रांबद्दल मात्र एक शब्द सांगितला नाही." गेल्या आठवड्यात तुमच्या मुलीला, पूर्वाला, शाळेत घोडा काढून न्यायचा होता. ती पाटी घेऊन तुझ्याकडे आली आणि तू म्हणालास, "मला चित्र येत नाही गं, आईला सांग." काकू तिथेच बसल्या होत्या. त्या उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या. तुझ्या बायकोला त्या दिवशी, लग्नाला सात वर्षं झाल्यावर, सासूकडून कळलं की तिचा नवरा चित्रकार आहे. मला म्हणाली, "मला वाटायचं, ह्यांनी सगळ्यांत मोठं होतं ते सांगून टाकलं. मोठं होतं ते तर लपवूनच ठेवलं. रागावू तरी कशी? हे दारू पीत नाहीत, कोणाला टाकून बोलत नाहीत, सगळे म्हणतात नशीबवान आहेस. पण ताई, मी ह्यांना ओळखतच नाही. हे रंगवायचे तेव्हा कसे दिसायचे, ते पाहिलेल्या तुम्हीच. तुम्ही ते लिहून द्या मला." तेव्हा आता तुला कळलं असेल, तुला ठाऊक असलेलं सगळं मी इतकं पाल्हाळ लावून का सांगत बसले. पत्र तुझ्या नावाचं आहे, पण ते मी दीपालीसाठी लिहिलंय. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी ती वाचेल, मग तुला देईल, असं आमचं ठरलंय. तुझ्या हातात आलं म्हणजे तिने वाचलंय. आता तिच्यापासून लपवायला काही उरलेलं नाही, तेव्हा मान वर कर. ती समोरच बसली असेल.

तुम्हा दोघांची,
सुनीती